उंबऱ्याबाहेरची शाळा

मी मास्तर झालो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. वडील अकोल्याला शिंपीकाम करायचे. मी तिथल्या सरकारी शाळेत शिकलो, परीक्षा दिली, आणि अमरावतीकडे वलगावच्या पुढच्या एका गावात नवी शाळा निघाली, तिथं मला पाठवलं. गावाचं नाव लिहीत नाही. ज्या घरांबद्दल सांगायचं आहे, त्यांची नातवंडं अजून तिथं नांदतात.

ते कापसाचे दिवस होते. दूर समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई लागली आहे आणि तिच्यामुळे आपल्या कापसाला भाव चढला आहे, एवढंच गावाला ठाऊक. ज्वारीच्या वावरातही लोकांनी कापूस लावला. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या, बायकांच्या अंगावर नवी लुगडी आली. अशा दिवसांत आठ वर्षांच्या पोरानं पाटीवर बोट फिरवत बसावं, हे कुणाला पटायचं? वेचणी लागली की शाळेत मी आणि पाटलाचा धाकटा मुलगा असे दोघंच. शाळा भरायची तीही पाटलाच्या कापसाच्या कोठ्यात. कोठा कापसानं भरला की आम्ही बाहेर निंबाखाली.

वेचणी संपल्यावर मी घरोघर फिरलो. एका घरी दारातच एक बाई निवडण करत बसली होती. तिचा नऊ वर्षांचा मुलगा माझ्याकडे टकमक पाहत होता.

"काय भेटते तुमच्या शाळेत?" तिनं मान वर न करता विचारलं.

"कचेरीतून कागद आला तर तुमचा मुलगा वाचून दाखवेल."

तिनं सूप खाली ठेवलं. "मंग न्या," म्हणाली. "पन मारू नका. मारनं माह्याकडे हाय."

शिमग्यापर्यंत कोठ्यात वीस-बावीस मुलं बसू लागली. पुस्तकातली भाषा पुण्याकडची. 'मला' वाचलं की मुलं हसायची आणि 'मले' म्हणायची. मीही घरी 'मले'च म्हणत होतो, पण शाळेत डोळे वटारायचो. तो नऊ वर्षांचा मुलगा सगळ्यांच्या पुढं होता. दुसऱ्याच्या पाटीत डोकावून त्याच्या चुका मोठ्यानं सांगायची त्याला खोड होती.

चैत्रात पटकी, हल्ली कॉलरा म्हणतात ती, आली. आधी अमरावतीहून परतलेला एक गाडीवान गेला, मग त्याची बायको, मग नदीकाठच्या आळीत एकाच दिवशी तिघं. आजकाल पोरंसोरंही सांगतात की पाणी उकळून प्यावं. आम्हाला तेव्हा ते माहीत नव्हतं. कुणी म्हणे वारा, कुणी म्हणे मरीमायचा कोप. गावानं मरीमायचा गाडा सजवला आणि वाजतगाजत पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडला. त्या गावानं तो आणखी पुढं ढकलला असणार.

पाटलानं मला चावडीवर बोलावलं. माणूस चांगला होता. कोठा त्यानंच दिला होता.

"मास्तर, शाळा बंद ठेवा," तो म्हणाला. "लेकरं एका जागी बसवनं बरं नाई."

मला राग आला. त्या वीस मुलांसाठी मी किती उंबरे झिजवले होते ते मलाच ठाऊक. मी म्हणालो, "आता बंद केली तर पोरं परत यायची नाहीत. आणि पाटील, रोज सकाळी अमरावतीच्या बाजाराला गाड्या जाऊन राहिल्या, त्या बंद नाही केल्या. साथ शाळेतून आली का गाडीरस्त्यानं?"

चावडीवर चुळबुळ झाली. पाटील रागावला नाही. म्हणाला, "कापूस थांबवनं माह्या हातात नाई, मास्तर. शाळा हातात हाय, म्हनून तेच थांबवून राहिलो."

पण माझा हट्ट सुटला नाही. मुलं घरी राहिली तरी आळीत एकत्र हुंदडणारच, त्यापेक्षा डोळ्यांसमोर बसलेली बरी, असं काहीबाही मी बोलत राहिलो. शेवटी पाटील म्हणाला, "तुमी शिकलेले. पाहा बाप्पा." त्याच रात्री मी अमरावतीला शाळा तपासणाऱ्या डेप्युटीसाहेबांना पत्र लिहिलं, की साथ आहे, शाळा चालू ठेवावी की बंद, कळवावं. आणि उत्तर येईपर्यंत चालूच ठेवायची, असं स्वतःशी ठरवून टाकलं.

चार दिवस सकाळची शाळा नीट भरली. पाचव्या दिवशी तो नऊ वर्षांचा मुलगा करंगळी दाखवून बाहेर गेला. परत आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला तो आलाच नाही. मी बाहेर जाऊन पाहिलं तर कोठ्याच्या भिंतीला टेकून बसला होता. डोळे खोल गेलेले, बोटं तासभर पाण्यात भिजत ठेवल्यासारखी सुरकुतलेली. मी त्याला उचलला. वजनच लागलं नाही.

त्याच्या आईनं मला दारात पाहिलं आणि काय झालं ते न सांगताच तिला कळलं. मुलाला माझ्या हातांतून ओढून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या अक्षरापायी माहं लेकरू गेलं तं मास्तर, गावात पाय ठेवू देनार नाई." दार लावून घेतलं.

मी कोठ्यावर आलो, मुलांना घरी पाठवलं, आणि पाटलाकडे जाऊन सांगितलं की शाळा बंद केली. तो काही बोलला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं फक्त मान हलवली.

पुढचे दोन दिवस मी त्या घरासमोरच्या रस्त्याच्या पलीकडे उभा असायचो. जवळ जायची हिंमत नव्हती आणि खोलीवर बसवत नव्हतं. रडणं ऐकू येतं का याकडे कान. माझ्या शेजारी एक पिंजारी राहायचा. कापूस महाग झाल्यापासून गाद्या-रजया पिंजून घेणार कोण? सगळं गाव कापसात लोळत असताना पिंजारी तेवढा रिकामा. तो माझ्याजवळ येऊन उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी तोच पलीकडे जाऊन आला आणि म्हणाला, "मास्तर, पोट्ट्यानं पेज मांगली. बच गया."

दोन रात्रींनंतर त्या दिवशी मी खोलीवर जाऊन झोपलो.

पण साथ थांबली नव्हती. शाळा बंद झाल्यावर माझ्या शाळेतली दोन मुलं गेली, एक घरी, एक वावरात. शाळा उघडी असती तर तीन गेली असती की एक, कोण सांगणार? त्या वेळी हा हिशेब मी मनात पुष्कळदा मांडला. तो कधी जुळला नाही, आणि हळूहळू मी मांडायचं सोडून दिलं.

आठ-दहा दिवसांनी माझ्या खोलीसमोर, बऱ्याच अंतरावर, एक मुलगी येऊन उभी राहिली. त्या मुलाची बहीण, दहा-अकरा वर्षांची असेल. "मायनं बलावलं," एवढं म्हणून वळली आणि चालू लागली. मी मागं गेलो. काय ऐकावं लागणार, याची मनाशी तयारी करत होतो.

आई दारात उभी होती. "आत येऊ नका. तथीच बसा, उंबऱ्याभायेर. पोट्टा निजून निजून कावला. पाटी पाटी करून राहिला. उठू दिलं नाई तं भिंतीवर नखानं लिहून राहिला." मग म्हणाली, "त्या दिवशी तुमाले जे बोलली ते बोलली. ते माघारी घेत नाई. पन आता त्याले काई शिकवा, नाई तं उठून पळन तो."

मी उंबऱ्याबाहेर मांडी घातली. मुलाची बाज आतल्या खोलीत होती. त्याचा आवाज येत होता, पण तो मला दिसत नव्हता आणि माझी पाटी त्याला दिसत नव्हती. मी दारातली धूळ हातानं सारखी केली आणि बोटानं लिहिलं: कमळ. आता हे आत कसं पोचायचं?

बहीण मध्ये उभी होती. ती वाकली, धुळीकडे टक लावून पाहिलं, मूठ अशी मिटली की जणू त्यात काही धरलं आहे, आणि आत पळाली. आत तिनं चुलीतली राख जमिनीवर पसरून ते काढलं असावं, कारण लगेच बाजेवरून ओरडणं ऐकू आलं.

"हा 'म' नाई, 'भ' काढला तुनं! गाठ काहून मारली वरतं?"

ती पुन्हा बाहेर आली. पुन्हा पाहिलं, ओठ हलवत आत गेली. तीन खेपांत कमळ बाजेपर्यंत पोचलं. मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं होतं.

रोज सकाळी मी तिथं जाऊ लागलो. एक नेम केला होता, कुणाच्या घरी आत जायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. त्यात शहाणपण नव्हतं, लाज होती. जिच्या मुलाला मी त्या कोठ्यात बसवून ठेवलं तिच्या घरचा पाण्याचा तांब्या घेववत नव्हता. आज वाटतं, त्या नेमानंच कदाचित चार घरं वाचली असतील.

सहाव्या-सातव्या दिवशी मी धुळीत एक शब्द लिहिला आणि बहिणीकडे पाहिलं. ती आत जायला हलेना.

"काय झालं?"

"मास्तर, काल याच्या डोक्यावर वेलांटी होती. आज काई नाई."

मी पाहिलं. खरंच, वेलांटी राहिली होती. मी ती दिली. आई दाराआडून हे ऐकत होती. बाहेर येऊन तिनं मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पोट्टी शिकून राहिली का?"

आता हे बंद होणार, असं मला वाटलं. मुलींनी शिकायचं नसतं हे त्या गावात कुणाला सांगावंही लागत नव्हतं. मी खाली पाहत म्हणालो, "अक्षर नेता-नेता थोडं लक्षात राहतच असेल."

ती विचार करत उभी राहिली. "राहू द्या," म्हणाली. "रोज नेऊनच राहिली, तं थोडं तिच्यापाशीबी उरन."

ही बातमी गावभर झाली. ज्यांची मुलं दारात कोंडून कंटाळली होती ते बोलावू लागले. मी आळीनं आळीनं फिरू लागलो. प्रत्येक घरापुढं उंबऱ्याबाहेर बसायचं, धुळीत लिहायचं, पुढच्या घरी जायचं. कुठं मुलगा थेट दारात यायचा. कुठं तो आत दुखणाईत असायचा आणि बाहेरचं आत न्यायला कुणीतरी लागायचं. बहुतेक घरी ते काम बहिणीकडे यायचं. एका घरी नवी सून होती, पदर नाकापर्यंत ओढून यायची. तिनं मला तोंड कधी दाखवलं नाही, पण तिचा 'क्ष' माझ्यापेक्षा सुबक निघायचा.

मृगाच्या तोंडाशी मी स्वतः आजारी पडलो. त्या दिवसांचं मला तुटक-तुटक आठवतं. खोलीचं छप्पर फिरत होतं. कुणीतरी डोकं उचलून धरत होतं आणि बडीशेप घालून उकळलेलं पाणी घोट-घोट पाजत होतं. "थोडं थोडं पी लेव, मास्तर. उलटलं तरी पी लेव." तो पिंजाऱ्याच्या बायकोचा आवाज होता. आमच्या घरी मुसलमानाच्या हातचं पाणी चालत नसे. शुद्ध नव्हती तोवर प्रश्नच नव्हता. शुद्ध आल्यावर मी तिच्या हातातलं भांडं पाहिलं, तिनंही मला ते पाहताना पाहिलं आणि हात थांबवला. मी तोंड पुढं केलं. अकोल्याला गेल्यावर हे मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तिच्यासाठी एक चोळीचा कपडा घेऊन जाय."

पाचव्या की सहाव्या दिवशी मला दारात टेकवून बसवलं. अंगात बळ नव्हतं. समोरची आळी ओली होती, आणि कुठूनतरी आवाज येत होता: बे एके बे, बे दुणे चार. एक आवाज पुढं, दोन-तीन आवाज मागं.

"हे कोण?" मी पिंजाऱ्याला विचारलं.

"तुमाले कोनी सांगतलं नाई?" तो हसला. "ते पोट्टी फिरून राहिली ना. तुमी पडले त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून."

थोड्या वेळानं त्या मुलाची बहीण आळीच्या तोंडाशी दिसली. हातात राखेनं भरलेली परात, कारण पावसानं धूळ बसली होती. प्रत्येक घरासमोर ती उंबऱ्याबाहेर बसायची, अगदी माझ्यासारखी मांडी घालून. एका घरातून कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला तर तिनं मान हलवून नाही म्हटलं, तेही माझ्यासारखंच. नेमामागचं कारण तिला माहीत नव्हतं. मास्तर पीत नाही म्हणून मास्तरचं काम करणाऱ्यानंही प्यायचं नसतं, असं तिनं धरलं होतं. आणि तिच्या चार पावलं मागं तिची आई, हातात काठी घेऊन, कुत्र्यांसाठी.

मला पाहून आई थांबली. "काय पाहून राहिले, मास्तर?" जरा तोऱ्यातच म्हणाली. "तुमी निजले होते. शाळा निजली असती का?"

पोरीला येत होतं तेवढं तिनं सगळ्यांना दिलं होतं. अडलं की घरी पळत जाऊन भावाला विचारायची. तो आता बाजेवर उठून बसत होता आणि ऐटीत सांगत होता. काही चुका झाल्याच. 'भ'ची गाठ तिच्या हातून शेवटपर्यंत नीट सुटली नाही. त्या वर्षी सगळ्या गावानं 'भ'ला एक शेपूट काढली, आणि ती शेपूट कापायला मला पुढं वर्ष लागलं.

पावसाळा लागला, नदी वाहू लागली, आणि साथ आली तशीच गेली. नागपंचमीनंतर पाटील आपणहून माझ्याकडे आला. "मास्तर, कोठा झाडून घेतला. उघडा."

सगळीच मुलं परत येतील असं मला वाटलं नव्हतं. ती दोन सोडून सगळी आली. आणि मुलांच्या मागून सहा मुली आल्या. आत आल्या नाहीत. कोठ्याच्या दाराबाहेर ओळीनं बसल्या. पाटलानं मला बाजूला घेतलं.

"ह्या काहून आल्या?"

"त्यांना विचारा, पाटील."

तो गेला, त्यांच्यासमोर उभा राहिला. तीच बहीण पुढं बसली होती. "काय वो पोट्टे, इथी काय काम तुहं?"

"आमचं वाचनं अर्धं राहिलं, पाटीलबाबा."

पाटलानं मिशीवरून हात फिरवला. त्याची स्वतःची मुलगी चौथ्या जागी खाली मान घालून बसली होती. ती त्याला आत्ता दिसली. त्यानं पायानं चिखल चाचपला. मग म्हणाला, "भायेर चिखल हाय. बसाले तट्टा टाकून देतो."

दसऱ्यानंतर डेप्युटीसाहेब घोड्यावरून आले. माझ्या पत्राचं उत्तर त्यांच्याबरोबरच आलं. परिस्थिती पाहून योग्य ते करावे, असं त्यात लिहिलं होतं. हुकमाशिवाय शाळा बंद का ठेवली, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, हट्टासकट, काही लपवलं नाही. ते गंभीरपणे ऐकत होते. मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. "त्या मुलींना काही येतं?"

मी बहिणीला पुस्तक दिलं. तिनं एक धडा वाचला, सावकाश, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून. 'मला' आलं तिथं अडली, माझ्याकडे पाहिलं, आणि 'मला'च वाचलं.

"ही हजेरीत आहे?" साहेबांनी मला हळूच विचारलं.

"नाही, साहेब. ही मुलांची शाळा आहे."

"मग मला हे दिसलं नाही," ते म्हणाले, आणि पिशवीतून एक नवं पुस्तक काढून तिच्या हातात देऊन घोड्यावर बसले.

तीन वर्षं मी त्या गावात होतो. मग अकोल्याला बदली झाली. लढाई संपली होती, कापसाचा भाव पडला होता, पण शाळा चालू होती. त्या मुलाच्या बहिणीचं लग्न पातूरकडे झालं, इतकं कानावर आलं. मुली सासरी गेल्या की शिकलेलं तव्यावरच्या थेंबासारखं उडून जातं, असं लोक म्हणायचे. मीही तसंच धरून चाललो होतो.

खूप वर्षांनी अकोल्याच्या बाजारात एका बाईनं मला थांबवलं. मी ओळखलं नाही. तिच्या हाताला सात-आठ वर्षांची मुलगी होती.

"मास्तर, उंबऱ्याभायेर बसायचे ना तुमी?"

मग ओळखलं. भाऊ कसा आहे विचारलं. कचेरीत कारकून झाला म्हणाली. आई गेल्या वर्षी वारली. सासरी तिनं गल्लीतल्या चार पोरींना अक्षर लावलं होतं. पुढचं तिलाच येत नव्हतं, म्हणून अडलं होतं.

"इथी पोरींची शाळा निघाली म्हनतात, मास्तर. कोठी हाय ते? हिले टाकाचं हाय. माही नणंद इथी राह्यते, तिच्याकडे ठेवीन."

मला रस्ता तोंडी सांगता आला असता. पण मी हातातली भाजीची पिशवी ओळखीच्या दुकानात ठेवली आणि म्हणालो, "चला, मीच दाखवतो." मुलगी आमच्या पुढं पळत सुटली, आणि रस्ता तिला माहीत नाही हे तिला वळणावर गेल्यावर कळलं.